फेसबुक-इन्स्टावर दुकान मांडावं का? आधी जागा कुणाची ते बघा



गेल्या वर्षी फेब्रुवारीत सेलूला आपली बॅच होती. विषय होता रोजचा हिशोब कसा लिहायचा. चहाच्या सुट्टीत एक ताई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, हिशोबाचं समजलं. पण मला एक सांगा, इन्स्टाग्रामवर यायचं का नाही? पोरगं म्हणायलंय, आई, त्याच्याशिवाय आता धंदाच होत नाही. अन् एक जण पेज सांभाळायचे महिन्याला पंधरा हजार मागायलाय."

ताई उन्हाळी वाळवण करतात. शेवया, पापड, कुरडया. चांगला महिना गेला तर त्यांच्या हातात राहतात साधारण तेवढेच, पंधरा-सोळा हजार. म्हणजे पेज सांभाळणाऱ्याला दिले की ताईंना उरलं काय? हाताला लागलेलं पीठ.

मी त्यांना तेव्हा एवढंच म्हणालो, "पैसे देऊ नका, आठ दिवस थांबा." नंतर यावर व्हिडिओ पण केला. पण बारा मिनिटांत सगळं बसत नाही, आणि व्हिडिओत मी एक गोष्ट जरा घाईनं सांगून टाकली. ती इथं नीट सांगतो.

आपण विचारतो, "तिथं जाऊन मला फायदा होईल का?" बरोबर आहे. पण त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला पाहिजे. ही जागा फुकट का मिळायली? परभणीत जिंतूर रोडला किंवा स्टेशन रोडला दहा बाय दहाचा गाळा बघायला जा. डिपॉझिट, भाडं, लाईट बिल, वर अकरा महिन्यांचा करार. आणि इथं जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक म्हणते, ये बाबा, मांड दुकान, एक रुपया देऊ नको. धंदा करणाऱ्या माणसाला इथं शंका आलीच पाहिजे.

ऑर्कुट आठवतंय का?

माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. मी बीबीए करत होतो तेव्हा नेट कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ऑर्कुटवर बसायचो. स्क्रॅप टाकायचे, मित्राकडून टेस्टिमोनियल लिहून घ्यायचं. फेसबुक तेव्हा आमच्यात कुणाला फारसं माहीत नव्हतं. ऑर्कुट गूगलचं होतं, २००४ ला सुरू झालेलं. भारतात आणि ब्राझीलमध्ये ते जोरात चाललं. २०१० च्या सुमारास सगळे हळूहळू फेसबुकवर गेले, आणि ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलनं ऑर्कुटला कुलूप लावलं.

आता गंमत बघा. गूगलकडे काय कमी होतं? सर्च त्यांचं, जीमेल त्यांचं. २००६ मध्ये १६५ कोटी डॉलर मोजून यूट्यूब घेतलं, ते पण त्यांचं. तरी लोकांच्या मैत्रीचं जाळं आपल्याकडे पाहिजे म्हणून ते परत परत उतरले. २०१० ला बझ काढलं, २०११ ला गूगल प्लस काढलं. २०१३ मध्ये तर यूट्यूबवर कमेंट करायची तरी गूगल प्लस लागायचं, इतकं ढकललं लोकांना. लोक काही रमले नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये सामान्य लोकांसाठी ते पण बंद.

दुसऱ्या बाजूला फेसबुकनं २०१२ मध्ये इन्स्टाग्राम १०० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. तेव्हा त्या कंपनीत माणसं होती तेरा. आपल्या मोंढ्यात एखाद्या आडत दुकानावर यापेक्षा जास्त हमाल असतात. २०१४ ला व्हॉट्सअॅपसाठी १,९०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये लिंक्डइन २,६२० कोटी डॉलरला घेतलं. सगळेच सौदे फळले असं नाही. मायस्पेस नावाची साईट २००५ मध्ये ५८ कोटी डॉलरला विकली गेली होती, तीच २०११ मध्ये साडेतीन कोटीला गेली.

एवढा पैसा ओतायचं कारण काय? फोटो टाकायची सोय? ती कुणीही करून देईल. ते विकत घेत होते गर्दी. आणि नुसती गर्दी पण नाही, कोण कुणाला ओळखतं, कोण किती वाजता मोबाईल उघडतं, कुणाच्या घरी लग्न ठरलंय, कोण ट्रॅक्टर बघायलंय, ही माहिती. मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टा-व्हॉट्सअॅपची कंपनी, हिचं २०२४ सालचं उत्पन्न साधारण १६,४५० कोटी डॉलर होतं. त्यातले १६,००० कोटींहून जास्त जाहिरातीचे. शंभर रुपयांतले सत्त्याण्णव धरा. म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक कोण? जाहिरात देणारा. आपण पोस्ट टाकतो तेव्हा आपण त्यांच्या बाजारातला माल असतो. त्याच पोस्टला पैसे लावून 'बूस्ट' केली की आपण गिऱ्हाईक होतो. एकच माणूस, दोन्हीकडून उपयोगी.

यात मला काही पाप दिसत नाही, बरं का. त्यांचा पण धंदाच आहे. समजा तुम्हाला गावात नवा आठवडी बाजार भरवायचाय. पहिलं वर्ष तुम्ही म्हणाल, या, बसा, पावती माफ. भाजीवाले आले की लोक येतील, लोक आले की बांगडीवाला येईल, भेळवाला येईल. बाजार भरायला लागला की मग पावती सुरू. आणि रस्त्याच्या तोंडाची जागा पाहिजे असेल तर पावती दुप्पट. फेसबुकचं असंच झालं. २०१२ च्या सुमाराला कंपनीच सांगत होती की पेजवरची पोस्ट सरासरी शंभरातल्या सोळा फॉलोअरपर्यंत पोचते. म्हणजे चौऱ्याऐंशी जणांना ती दिसतच नव्हती, आणि हे तेव्हाचं. त्याच वर्षी १८ मे ला फेसबुकचे शेअर बाजारात आले. (१८ मे हा आपल्या कृषी विद्यापीठाचा पण स्थापना दिवस, १९७२ चा. त्या दिवशी विद्यापीठाच्या बियाण्यासाठी जी रांग लागते ती फुकटच्या जाहिरातीवर लागत नाही. लोकांनी पेरून बघितलंय म्हणून लागते.)

आपल्या किराणा दुकानात त्यांना काय मिळतं?

२०२० चा उन्हाळा आठवा. लॉकडाऊन होतं, आपली शटरं खाली. २२ एप्रिलला बातमी आली, फेसबुक जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालणार. हिस्सा किती? ९.९९ टक्के. जुलैमध्ये गूगल आलं, ३३,७३७ कोटी घेऊन. फेसबुकनं तेव्हाच सांगितलं होतं की व्हॉट्सअॅप आणि जिओमार्ट जोडून छोट्या दुकानदारांना गिऱ्हाइकाशी जोडायचंय. दोन वर्षांनी व्हॉट्सअॅपवरून जिओमार्टचं सामान मागवायची सोय आली पण.

मी ती बातमी घरात बसून वाचली आणि मला एकदम जाणवलं की आपल्याकडे असं काहीतरी आहे ज्याला किंमत आहे, आणि ती आपल्यालाच माहीत नाही. कोणत्या घरात महिन्याला किती तेल लागतं, कुणाच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे, कोण उधारी वेळेवर देतं, हे आपल्या गल्लीतल्या किराणावाल्याच्या डोक्यात असतं. हजारो कोटी घालून मोठ्या कंपन्या ज्या माहितीच्या जवळ यायला बघतात, ती आपण डोक्यात ठेवतो. कागदावर सुद्धा नाही!

व्हॉट्सअॅपचं पण बघून ठेवा. छोट्या धंद्यासाठीचं व्हॉट्सअॅप बिझनेस अॅप जानेवारी २०१८ ला आलं, फुकट आहे, चांगलं आहे, मी रोज वापरतो. पण मोठ्या कंपन्या ज्या यंत्रणेतून मेसेज पाठवतात तिथं आता मेसेजमागं पैसे लागतात, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी स्टेटसच्या भागात जाहिराती आणायचं जाहीर केलं. बाजार भरला की पावती, ते हेच.

माझं काय झालं

आता माझी गोष्ट. तुम्हाला माहीत आहे, माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, अस्तर, रुबिया, ब्रोकेड, लेस, लटकन. मी एका प्लॅटफॉर्मवर तीन वर्षं खपून पेज वाढवलं होतं. नाव घेत नाही, नावाचा मुद्दा नाही. साडेअकरा हजार फॉलोअर झाले होते. रोज रात्री दुकान बंद केल्यावर दीड तास. साडीवर ब्लाऊजपीस लावून दाखवायचं, बायकोनं व्हिडिओ काढायचा, मी बोलायचं.

दिवाळीला दहा दिवस होते. सकाळी मोबाईल उघडला तर पेज बंद. कारण काय? नियमभंग. कोणता नियम? लिहिलेलं नाही. फॉर्म भरला, आधार कार्डचा फोटो जोडला, उत्तर आलं ते पण मशीनचं. परभणीत त्यांचं ऑफिस नाही की जाऊन बसावं. आपली महानगरपालिका, महावितरण, यांना आपण नावं ठेवतो, पण तिथं निदान एक खिडकी असते आणि खिडकीच्या मागं माणूस असतो. इथं खिडकीच नाही. सत्तेचाळीस दिवसांनी पेज आपोआप चालू झालं. का बंद होतं, का चालू झालं, आजपर्यंत कळलं नाही.

त्या दिवाळीला मला तारलं ते एका दोनशे पानी वहीनं. आमच्या काउंटरवर माझ्या वडिलांच्या काळापासून एक सवय आहे. मॅचिंग मिळालं नाही तर गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि कलर लिहून घ्यायचा, ताका आला की फोन करायचा. त्या वहीत सहाशे चाळीस नंबर निघाले. मी आणि दुकानातला मुलगा, दोघांनी तीन दिवस दुपारच्या वेळी फोन लावले. "ताई, दिवाळीचा माल आलाय, तुमच्या त्या डाळिंबी साडीचं अस्तर पण आलंय." दिवाळी मागच्या वर्षीपेक्षा थोडी कमी झाली, पण झाली.

साडेअकरा हजार माणसं एका रात्रीत गेली आणि सहाशे चाळीस राहिली. तेव्हा मला कळलं की ते साडेअकरा हजार माझे नव्हतेच.

हे फक्त माझ्याच बाबतीत होतं असं समजू नका. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अॅप बंद केले, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यातल्या किती पोरापोरींनी तिथं नाव कमावलं होतं. त्यांची कसलीच चूक नव्हती. आणि बघा, ८ जुलैला इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. दहा दिवस पण झाले नव्हते. मोकळी झालेली गर्दी लगेच उचलली. कू नावाचं आपलं भारतीय अॅप आलं, मंत्र्यांनी पण खाती उघडली, २०२४ च्या जुलैमध्ये ते पण बंद पडलं. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअॅप तिन्ही जगभर सहा-एक तास बंद होते. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या परभणीत तणावाच्या काळात इंटरनेटच बंद ठेवलं होतं. त्या दिवसांत साधा फोन तेवढा चालू होता.

मग जायचं की नाही?

इथं व्हिडिओत माझी चूक झाली. मी तावातावात बोललो आणि बऱ्याच जणांना वाटलं की सर म्हणतात सोशल मीडिया सोडा. तसं नाही. माझ्याकडे आकडे आहेत, ते सांगतो.

पेजचा तो प्रकार झाल्यावर मी ठरवलं की एकदा मोजूनच बघू. एप्रिलमध्ये, लग्नसराईत, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चार रकाने केले. प्रत्येक गिऱ्हाइकाला बिल करताना विचारायचं, "आमचं दुकान कसं कळलं?" आणि एक रेघ मारायची. समोर बिलाची रक्कम. महिन्यात ३१८ गिऱ्हाईक झाले. १९० जुने, ठरलेले. ६१ रस्त्यावरून बोर्ड बघून आलेले. ४८ जणांना कुणीतरी सांगितलं होतं. मोबाईलवर बघून आलेले फक्त १९.

एकोणीस! रोज दीड तास घालून महिन्याला एकोणीस. मी म्हणालो, सोडून द्यावं. पण मग रकमांची बेरीज केली. त्या एकोणीस जणांचं बिल सरासरी ११५० रुपये होतं. बाकीच्यांचं २४०. म्हणजे गिऱ्हाईक सहा टक्के, पण गल्ल्यात तेवीस टक्के. कारण मोबाईलवर बघून फॉल-अस्तरला कुणी येत नाही. मानवतहून, गंगाखेडहून जी बाई येते ती नवरीच्या पाच साड्या घेऊन येते.

हा आकडा बघितल्यावर मी फॉल-पिकोचे व्हिडिओ बंद केले. आता फक्त नवरीच्या ब्लाऊजचे टाकतो, आठवड्याला दोन. दीड तासाचं काम रोजचं होतं, ते आठवड्यात तीन तासांवर आलं. आणि फोटोवरून कलर मॅच करून द्यायचं बंदच केलं, कारण मोबाईलमध्ये मोरपंखी दिसतो आणि प्रत्यक्षात रामा ग्रीन निघतो. त्यावरून भांडणं झालीत माझी.

प्रत्येक धंद्याचं असंच निघेल असं नाही. पिठाची गिरणी आहे, पंक्चरचं दुकान आहे, तर रील काढून काय करणार? दोन किलोमीटरच्या पलीकडचं गिऱ्हाईक येणारच नाही. तिथं गूगल मॅपवर दुकानाचं नाव, वेळ आणि फोन नंबर बरोबर टाका, बास. ते पण फुकट आहे आणि अर्ध्या तासाचं काम आहे. उलट केकवाली ताई, मेहंदीवाली, फोटोग्राफर, मंडप डेकोरेशनवाला, ज्यांचं काम डोळ्यांनी बघून ठरतं, त्यांनी इन्स्टावर असलंच पाहिजे. नसाल तर शेजारच्या गल्लीतला आहे.

पण तिथून जो येईल त्याचा नंबर त्याच दिवशी तुमच्या वहीत आला पाहिजे. आणि तुमचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये. हे दुसरं लोक विसरतात. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ लोक टाकता येतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. म्हणून माझ्या काउंटरवर मुलगा बिल देताना म्हणतो, "काकू, आमचा नंबर सेव्ह करून घ्या, मिस कॉल देतो." आणि विचारून ठेवा, मेसेज पाठवला तर चालेल का म्हणून. रोज गुड मॉर्निंग पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक दोन दिवसांत ब्लॉक करतात. वहीचा महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवा, वही भिजते पण.

आणि पंधरा हजारवाला कुणी आला तर त्याला एकच विचारा, "पेज कुणाच्या नंबरवर आणि कुणाच्या ईमेलवर उघडणार?" तो म्हणाला "माझ्या", तर चहा पाजा आणि रवाना करा.

ताईंचं काय झालं ते राहिलंच. त्यांनी पैसे दिले नाहीत. पोराकडून व्हॉट्सअॅप बिझनेस टाकून घेतलं, सात वस्तूंचे फोटो आणि भाव टाकले. खाद्यपदार्थ आहेत म्हणून एफएसएसएआयची नोंदणी आधी करून घेतली, ते मी मागंच लागून करायला लावलं. इन्स्टा उघडलं नाही. त्यांच्या गावचे पुण्यात राहणारे लोक, त्यांचा एक ग्रुप आहे, त्यात नणंदेनं फोटो टाकले. मार्च ते मे सत्तावीस ऑर्डरी आल्या.

पहिलं पार्सल ट्रॅव्हल्सनं पाठवलं. शेवया पोचल्या, पापड पोचले, कुरडयांचा पार भुगा झाला. ताईंनी सहा जणांना पैसे परत दिले, त्या पार्सलात नफा तर सोडाच, पदरचे गेले. नेटवर्क पुण्यापर्यंत पोचतं, कुरडई पोचत नाही, हे काही मला आधी सुचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. आता त्या पुण्याला शेवया-पापडच पाठवतात. कुरडया सेलूत आणि परभणीत, किंवा गावाकडं कुणी गाडी घेऊन आलं तर त्याच्या हाती.

या सीझनला त्या परत ३८ वरून ६१ ठरलेल्या घरांवर गेल्या आहेत, नावं-नंबर सगळे वहीत. पोरगं अजून म्हणतंच असतं इन्स्टा काढू म्हणून. मी म्हणालो काढा, पण आधी कुरडईसाठी खोका शोधा.

पुढच्या व्हिडिओत कॅलेंडरच्या मागचे ते चार रकाने कसे करायचे आणि ब्रॉडकास्ट लिस्ट कशी बनवायची ते दाखवतो. मोबाईलसोबत वही-पेन पण घेऊन बसा.